कामगार एकही नाही

आमच्या आतोबांनी आयुष्यात एखाद्या तरी गोष्टीला हरकत घेतली नसेल, असं कुणी म्हणालं, तर त्या म्हणण्याला पहिली हरकत तेच घेतील. माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान म्हणून मी त्यांना आतोबा म्हणते. गाव त्यांना 'हरकतवाले' म्हणतं, आणि तेही तोंडावर, कारण या नावाला त्यांनी एकदा हरकत घेऊन पाहिली तर ते जास्तच पक्कं झालं. गाव कोणतं ते मी सांगणार नाही. पेणहून रोह्याकडे येताना वाटेत लागतं, एवढं पुरे. नाव छापून आलं तर हरकतीचा कागद माझ्याच नावानं निघेल, आणि त्याचं शुद्धलेखन पुन्हा मलाच तपासावं लागेल. मी रोह्याला शाळेत मराठी शिकवते. माझं शिक्षण, पगार, प्रमोशन यांविषयी आतोबांना काडीचं कौतुक नाही, पण भाची मराठीची बाई झाल्यामुळे आपल्या हरकतींना सरकारी वजन आलं, असं ते मानतात. त्यांचा फोन येतो तो असा : "गो बाय, निषेधातला ष पोटफोड्या ना? रोह्यात पाऊस हाय का? तुझं बरं हाय ना?" आणि मी तोंड उघडेपर्यंत फोन बंद. प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबलेला आतोबा मी लहानपणापासून कधी पाहिला नव्हता. डॉक्टरनं "कुठं दुखतं?" विचारलं, तर ते डॉक्टरलाच "तुमच्या खुर्चीचा पाय हलतो, तो का नाय बघत?" म्हणून विचारतात आणि उत्तर मिळायच्या आत औषध घेऊन बाहेर पडतात.

स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाच्या पलीकडून त्यांनी "गुरुजी, एक कडवं गाळलंत!" असं ठणकावलं होतं. आत्या म्हणते, "तवाच मला कळलं हे काय प्रकरण हाय ते. पण हार हातात होता, नि मागं मामा उभा." एसटी उशिरा आली तर सगळेच चिडतात. आतोबा ती वेळेच्या आधी आली म्हणून कंडक्टरशी भांडले आहेत, कारण वेळेवर येणाऱ्या माणसाचा तो अपमान आहे. शाळेसमोर गतिरोधक घातला तेव्हा त्यांनी हरकत घेतली, की मूर्ती घेऊन जाणाऱ्या टेम्पोतल्या गणपतींच्या सोंडा तुटतात. ती मानून तो काढला, तर काढल्याला हरकत घेतली, की पोरं गाडीखाली येतील. आत्याच्या आमटीत कोकम जास्त असतं नाहीतर कमी असतं. बरोबर पडलं असं एकदाच झालं, त्या दिवशी त्यांना ताप होता.

पण मला सांगा, आमच्या त्या गावात राहून हरकत न घेणारा माणूस शहाणा म्हणायचा की मुडदा? ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, तेव्हा पेढे वाटले. आता गावाचं शहर होणार! झालं काय? जुन्या पाटीवर नवी पाटी आली, जुन्या खुर्च्यांच्या जागी सोफे आले आणि घरपट्टी वाढली. मग हायवेवर स्वागताची कमान उभी राहिली. मग त्या कमानीशेजारी, गावाच्या नावावर लाल बदाम काढलेला, एक सेल्फी पॉइंट आला. गावात घरटी एक गणपतीचा कारखाना. प्रत्येक कारखान्यात रंग, थिनर, काथ्या, आणि मूर्ती बांधायला माळ्यापर्यंत रचलेला पेंढा. काडी पडायचा अवकाश. अशा गावाला स्वतःचा आगीचा बंब नाही! तो यायचा पेणहून नाहीतर रोह्याहून, आणि हायवेच्या रहदारीतून वाट काढत तो पोचेपर्यंत आगीनं आपलं काम उरकलेलं असतं. बंब नाही, पण सेल्फी आहे. जळत्या कारखान्यासमोर उभं राहून सेल्फी काढा म्हणावं!

आतोबांचा कारखाना नदीकडच्या अंगाला, घराला लागून. तिथे कामाला असलेल्या प्रत्येकाशी त्यांचं नातं. साच्यातून मूर्ती काढणारा तो भाचा, घासकाम करणाऱ्या त्या मेहुण्या, रंग मारणाऱ्या दोघी बहिणी म्हणजे पुतण्या. रक्ताचं यातलं कुणीच नाही. सगळी आजूबाजूच्या गावांतून येणारी, भातशेतीतून सवड काढून हंगामाला बसणारी माणसं. आणि या सगळ्यांच्या वर गडबच्या, म्हणजे जवळच्या गडब गावच्या, मावशी. त्या डोळ्यांची आखणी करायच्या. गणपतीचे डोळे शेवटी काढतात, आणि तोवर ती मूर्ती कितीही रंगवली तरी नुसती माती असते. मावशींनी ब्रश टेकवला, की माती आपल्याकडे बघायला लागे. आखणी चालू असताना कारखान्यात कुणी बोलायचं नाही, हा त्यांचा कायदा. आतोबा तो पाळत. म्हणजे, कारखान्यातून उठून रस्त्यावर जात आणि तिथे बोलत. काम झालं की मावशी हाक मारायच्या, "ये रे भाऊ आत, आता वरड काय वरडायचं ते!" मग आतोबा मूर्ती उजेडात धरून, एक डोळा मिटून बघत आणि हमखास हरकत काढत : "डावा जरा वर गेलाय." मावशी म्हणत, "तुझ्याकडं बघून गेला असंल." गेली कित्येक वर्षं दोघांचं हेच चाललं होतं, आणि त्या दोघांचं चाललंय म्हणजे हंगाम नीट चाललाय, असं गाव समजून चालायचं.

या नात्यागोत्याचा दुसरा उपयोग कुणी साहेब तपासणीला आला की व्हायचा. आमच्याकडे सगळेच कारखानदार हे करतात, आणि एकजात सगळे त्यात स्वतःला फार हुशार समजतात. साहेब विचारणार, "किती कामगार आहेत?" की आतोबा छाती पुढे काढून सांगणार, "कामगार? कामगार एकही नाय! सगळी घरचीच माणसं." एकदा एका साहेबानं वैतागून विचारलं होतं, "अहो, एका माणसाला इतक्या मेहुण्या?" त्यावर आतोबा म्हणाले, "माझ्या सासऱ्याला विचारा. मी कसा सांगणार?" सासरा वारून जमाना झालेला. हा किस्सा गावात इतक्या वेळा सांगितला गेलाय, की तो ऐकताना मावशीसुद्धा तोंडाला पदर लावून हसायच्या. हंगामाच्या शेवटी प्रत्येक कामगाराला घरी बसवायला एक मूर्ती फुकट. पगाराचं काय, तो हातात मिळतो. कागदावर मात्र कुणीच नाही. घरच्या माणसाला कागद कशाला?

दोन वर्षांपूर्वी, आषाढात, आतोबांच्या कारखान्याला आग लागली. दुपारची जेवणं झाली होती, माणसं पडवीत पाय पसरून बसली होती. पावसात मूर्ती वाळाव्यात म्हणून मोठे दिवे लावतात, त्यातल्या एकाची वायर तापली आणि ठिणगी पेंढ्यावर पडली. बघता बघता आतून धूर येऊ लागला. सगळे ओरडत रस्त्यावर आले, बादल्या, माती, जे मिळेल ते फेकू लागले. नशीब असं, की रोह्याचा बंब त्याच दिवशी कसल्याशा कामानं नागोठण्यापर्यंत आला होता, तो चटकन पोचला. बंबावरचा माणूस खाली उतरला. खाकी कपडे, डोक्यावर टोपी. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "आत किती कामगार आहेत?"

आणि आतोबांनी, समोर कारखाना जळत असताना, छाती पुढे काढून सांगितलं, "कामगार? कामगार एकही नाय!"

मी तिथे नव्हते. आत्यानं मला हे सांगितलं तेव्हा मला आधी हसू आलं, आणि मग हसल्याची लाज वाटली. त्या माणसानं त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि बाहेरूनच पाणी मारायला घेतलं. आत्या घराच्या मागच्या दारानं धावत आली ती माणसांच्या तोंडांकडे बघत. "अवो, मावशी कुठाय? मावशी वर माळ्यावर पडायला गेली व्हती ना!" तेव्हा कुठे बंबाचा माणूस आत शिरला आणि मावशींना खांद्यावर टाकून बाहेर घेऊन आला. जीव वाचला. उजव्या हाताची बोटं वाचली नाहीत, म्हणजे आहेत जागेवर, पण ब्रश धरण्याजोगी राहिली नाहीत. दवाखान्यात नोंदणीच्या बाईनं विचारलं, "पेशंटचं पूर्ण नाव?" आतोबा म्हणाले, "गडबची मावशी." बाई म्हणाली, "नाव सांगा हो." आतोबांना नाव माहीत नव्हतं. अर्ध्या आयुष्याची घरची बाई! शेवटी मावशींनीच, तशा कण्हत, स्वतःचं नाव सांगितलं.

त्यानंतर आतोबांनी हरकत घेणं सोडलं. आमटी कशीही झाली तरी जेवू लागले. एसटी कधीही आली तरी चढू लागले. आत्या मला फोनवर म्हणाली, "गो बाय, तू येऊन जा एकदा. ह्यांनी काल मीठ नसलेली भाजी खाल्ली नि बोलले नाय." मावशींच्या औषधपाण्याचं त्यांनी केलं, घरी धान्य पोचवलं, त्यात काही कमी पडू दिलं नाही. पण गावाला त्याची गंमत वाटायची. 'हरकतवाले थंड झाले,' असं चहाच्या टपरीवर बोललं जाई. यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

आणि मग नगरपंचायतीला जाग आली. कुणाच्या तरी डोक्यातून एक बरा प्रस्ताव निघाला, आमच्याकडे हे क्वचित घडतं. गावातल्या प्रत्येक कारखान्यानं, दुकानानं, गोदामानं आपल्याकडे जितकी माणसं पगारावर आहेत, त्या प्रत्येकामागे थोडासा सुरक्षा कर द्यायचा. त्या पैशातून गावाचा स्वतःचा बंब, तो चालवायला शिकलेली माणसं, आणि नदीच्या रस्त्याला दिवे. असा कर बसवता येतो की नाही यावर दोन वकिलांची तीन मतं होती, तरी नागरिकांच्या हरकती मागवल्या आणि सुनावणी ठेवली. गावात एकच गोंधळ उडाला. कमानीला कुणी विरोध केला नव्हता हो! सेल्फी पॉइंटला नारळ फोडायला हेच कारखानदार ओळीनं उभे होते. पण बंबासाठी, आपलीच छपरं वाचवणाऱ्या बंबासाठी, माणसामागे चार पैसे द्यायचे म्हटल्यावर सगळ्यांच्या पोटात दुखायला लागलं.

कारखानदारांची बैठक झाली. त्यांचा पुढारी म्हणजे परदेशात मूर्ती पाठवणारा, दोन मजली कारखान्याचा मालक. तो म्हणाला, "सोपं हाय. आपल्याकडं कामगार हायेत कुठं? सगळी घरचीच. कामगार नाय तर कर नाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. "आणि हे सांगणार कोण? आपले हरकतवाले! ज्याचा कारखाना जळला तोच कर नको म्हणतो म्हटल्यावर कोण काय बोलंल?" भजी खात खात हे ठरलं. आतोबांच्या घरी येऊन पुढाऱ्यानं त्यांना तसं सांगितलं. आतोबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्यांनी मला फोन केला. "बाय, सुनावणीला ये." मी वाट पाहिली, शुद्धलेखनाचा प्रश्न येईल म्हणून. आला नाही. पण फोनही लगेच बंद झाला नाही.

सुनावणीला मी आत्याबरोबर गेले. सोफ्यांवर नगरसेवक, मधे मुख्याधिकारी, भिंतीला टेकून गाव. एकेक कारखानदार उठून तेच वाक्य म्हणत होता, "आमच्याकडं कामगार नाय, घरचीच माणसं." मुख्याधिकारी मान हलवत होते, कारकून लिहून घेत होता. सबंध गावात एकही कामगार नाही, आणि गणपती मात्र टेम्पो भरभरून मुंबईला जातात! माझं डोकं तापलं होतं. मी उठून बोलणारच होते, तेवढ्यात आत्यानं माझा हात दाबला. आतोबा उभे राहिले होते.

"माझी हरकत हाय," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. पुढाऱ्यानं मिशीतल्या मिशीत हसून आजूबाजूला पाहिलं.

"हरकत त्या कराला नाय. या सगळ्यांच्या बोलण्याला हाय, नि माझ्या सोताच्या बोलण्याला हाय." टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. "साहेब, लिवून घ्या. सुलोचना पांडुरंग म्हात्रे, राहणार गडब. माझ्या कारखान्यात आखणी कामगार." मग त्यांनी भाच्याचं पूर्ण नाव घेतलं, मेहुण्यांची घेतली, दोघी पुतण्यांची घेतली. अडखळत, पण एकही न चुकता.

पुढारी उठला. "अवो, असं काय करताव? तुमची घरचीच माणसं ना ती?"

"घरची?" आतोबांचा आवाज चढला, आणि खरं सांगते, दीडेक वर्षांनी तो आवाज ऐकून मला बरं वाटलं. "घरची असती तर मी बाहेर उभा राहून बंबवाल्याला उत्तरं देत बसलो असतो काय? माझी बायको आत असती तर मी आगीत घुसलो असतो. नि कामगार म्हटली असती, तर मोजली असती. ती बाई घरचीबी नव्हती नि कामाचीबी नव्हती. म्हणून ती माळ्यावर राहिली. मला इचारलं, आत किती कामगार? मी सांगितलं, एकही नाय." त्यांनी बोट स्वतःच्या तोंडाकडे नेलं. "मीच सांगितलं साहेब, याच तोंडानं. नि तुम्ही सगळे कारखानवाले पण आज तेच सांगताव. उद्या बंब आला नि त्यानं इचारलं, तर हेच सांगाल. सवय झालीय तोंडाला."

मागे दारापाशी, पदराखाली हात झाकून, गडबच्या मावशी बसल्या होत्या. त्या कधी आल्या ते मलाही कळलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "बोलला ता बरोबर बोलला. पर भाऊ, नाव 'पांडुरंग' नाय लावायचं, त्यांना जाऊन लय वरसं झाली." आणि इतक्या गंभीर वेळीही आतोबांनी मान वर करून सांगितलं, "लावायचं असतं. कायदा हाय." सगळे हसले, मीही हसले, आणि हसतानाच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

तुम्हाला वाटेल, कर मंजूर झाला असेल. छे! विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. पुढच्या सभेत अजून अभ्यास हवा म्हणून तहकूब झाला. त्याच्या पुढच्या सभेत तो विषयपत्रिकेतून गळाला, आणि कमानीच्या रंगकामाचा विषय एकमतानं पास झाला. मला या लोकांची चीड येते, आणि चीड येते म्हणून मी हे लिहिते आहे. आतोबा आपल्या वाटचा कर आपणहून भरायला नगरपंचायतीत गेले, तर कारकून म्हणाला, "असा कर नाही, घेऊ कसा?" त्यावर आतोबांनी रीतसर हरकत नोंदवली. तिचं शुद्धलेखन मी तपासलं. त्यात एकही चूक नव्हती, माझ्या हातून मात्र कागद खाली ठेवला जाईना.

आता आत्याची आमटी पुन्हा कधी आंबट असते, कधी पांचट. मावशी अधूनमधून येतात, खुर्चीवर बसून नव्या मुलींना आखणी शिकवतात आणि रागावतात. यंदा आतोबांच्या घरच्या गणपतीचे डोळे त्यांनी डाव्या हातानं काढले. एक डोळा स्पष्ट वर गेलाय. दर्शनाला आलेली माणसं बघतात, एकमेकांकडे पाहतात आणि काही न बोलता प्रसाद घेतात. मूर्ती उजेडात धरून केसाएवढा फरक काढणारे आतोबा त्या मूर्तीसमोर बसून असतात. मी म्हटलं, "आतोबा, डावा जरा..." तर ते म्हणाले, "माझ्याकडं बघून गेला असंल."

विसर्जनाच्या आदल्या दिवशी मी रोह्याला परत निघाले, तेव्हा ते कारखान्याला कुलूप लावत होते. पेंढा काढलेला, साचे भिंतीला लावलेले, आत चिटपाखरू नव्हतं. कुलूप हातात घेऊन ते दारात उभे राहिले आणि आत तोंड करून म्हणाले, "आत कोण हाय का?" आत्या म्हणाली, रोज संध्याकाळी असंच करतात. कुणी नसतं, हे त्यांनाही माहीत असतं. तरी विचारून झाल्यावर ते कुलूप लगेच लावत नाहीत. दारात उभे राहून उत्तराची वाट बघतात.